गाडी मिसिंग मारतीय

लोहाऱ्यात रस्त्यात भेटलेल्या माणसाला लवकर वाटेला लावायचं असेल तर त्याच्यासमोर आर.एक्स. हंड्रेडचं नाव काढू नये. सोयाबीनच्या भावावर तो फार तर एक सुस्कारा टाकून निघून जाईल. आर.एक्स. म्हटलं की तो चहाचा कप खाली ठेवतो, उजवी मूठ हवेत पिळतो, तोंडानं "टिंग-टिंग-टिंग" वाजवतो आणि म्हणतो, "माझ्याकडं होती."

सगळ्यांकडंच होती. यामाहाची ही टू-स्ट्रोक गाडी आपल्याकडं 1985 साली आली आणि धुराचे नियम कडक झाल्यावर 1996 मध्ये बंद झाली. त्या काळात लोहारा तालुकासुद्धा झालेला नव्हता. गावात मोटारसायकली बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि त्यातल्या निम्म्या दूधवाल्यांच्या राजदूत. तरी आज चौकात उभं राहून हाक मारा, पन्नाशी ओलांडलेला एकही पुरुष आर.एक्स.विना म्हातारा झालेला सापडणार नाही. उमरग्याच्या कॉलेजला एसटीच्या दारात लोंबकळत जाणारे चेहरे मला पाठ आहेत, कारण त्यांच्या शेजारी मीही लोंबकळत होतो. तेसुद्धा आता सांगतात, "शंभरवर पळवायचो. मागच्याला नुसता धुरळा दिसायचा, गाडी दिसायची नाही." ती गाडी कुणालाच दिसली नाही, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकतो.

माझ्याकडं नव्हती. गावात असं म्हणणारा मी एकटाच उरलो होतो, आणि लग्नाकार्यात ते अवघड व्हायला लागलं होतं. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी, बी-बियाण्यांचं दुकान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि डॉक्टरांनी कमरेला दिलेला पट्टा एवढा संसार पदरात असताना मी जुनी आर.एक्स. शोधायला निघालो.

बायकोला सांगितलं, "एक जुनी गाडी बघायलोय."

ती म्हणाली, "एक जुनं हाय की घरात."

हे ती अंगणातल्या स्कूटरकडं बघून म्हणाली की माझ्याकडं, ते मी मुद्दामच पाहिलं नाही.

गाडी सास्तूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात निघाली. मालकानं आधी चहा पाजला, मग ऊस दाखवला, मग म्हैस दाखवली. गाडीचा विषय मी काढला तेव्हा त्याचा चेहरा एकदम पडला. "घरची गाडी हाय, मालक. विकायची न्हाई." विकायची नाही म्हणून तो मला शेडमध्ये घेऊन गेला, विकायची नाही म्हणून त्यानं तिच्यावरचा कडबा बाजूला केला, सीटवरची कोंबडी हुसकली आणि विकायची नाही म्हणून किंमत सांगितली, एक लाख दहा हजार. इंजिनाला हात लावला तर ते गरम होतं. कडब्याखाली झोपलेल्या गाडीचं इंजिन गरम कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मला कोंबडी तिथं का बसली असेल त्याचा उलगडा झाल्याचा आनंद झाला.

"जपान इंजिन हाय," तो म्हणाला.

याविषयी थोडं सांगायला हवं. सुरुवातीच्या काही आर.एक्स. जपानहून आलेल्या सुट्या भागांतून इथं जोडल्या गेल्या, हे खरं आहे. पुढं भाग इथंच बनायला लागले. पण आजवर विकायला निघालेली एकही आर.एक्स. अशी नाही जिचं इंजिन जपानी नाही. माझा अंदाज असा आहे की जपाननं जेवढी इंजिनं धाडली त्याच्या कैकपट एकट्या उमरगा-लोहारा पट्ट्यात फिरतायत, आणि उरलेली तुळजापूरला नवसाला उभी आहेत.

"कधीची गाडी?"

"भूकंपाच्या आधीची."

आमच्याकडं 30 सप्टेंबर 1993 नंतर काळाचे दोनच भाग राहिले. पोराचा जन्म, विहिरीची खोदाई, वाटणीचा कागद, सगळं भूकंपाच्या आधी नाही तर नंतर. आर.सी. बुक बघितलं तर 1992 निघालं, म्हणजे माणूस एका बाबतीत तरी खरा होता.

"सगळं ओरिजनल हाय ना?"

"सगळं. फकस्त टाकी एकशेपस्तीसची हाय. सायलेन्सर बदललंय. पुढचा लाइट पोरानं हौसेनं लावला. चाकं मागल्या वर्षी घातली. आन कार्बोरेटर आपला लातूरचा."

"मग ओरिजनल काय राहिलं?"

तो बराच वेळ गाडीभोवती फिरला. "नंबर," तो म्हणाला.

मी उठायला हवं होतं. तेवढ्यात त्यानं किक मारली. आता ही गाडी म्हणजे 98 सीसीचं इवलंसं इंजिन, पण ताकद 11 घोड्यांची आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आजच्या शंभर सीसीच्या गाड्या आठ घोड्यांवर भागवतात आणि गॅसची टाकी नेल्यासारख्या शांतपणे घरी येतात. हिच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एक. म्हणून हिचा आवाज असा दाटीवाटीनं येतो, मधे श्वास घेत नाही. तो आवाज शेडच्या पत्र्याला लागून परत आला आणि माझ्या कमरेचा पट्टा आपोआप सैल झाला. ब्याऐंशी हजारांवर हातावर हात पडला. मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते धुरामुळं होतं, हे मला माझे डोळे चोळताना कळलं.

गाव मागं पडलं, मी तिसरा टाकला, चौथा टाकला. रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्यानं मूठ पिळून दाखवली. मीही मूठ पिळली. आणि गाडी हुकली. आधी एक ठोका चुकला, मग दोन, मग खोकल्यासारखा भर्रर्र आवाज करून ती रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, स्वतःच्या मर्जीनं उभी राहिली.

आमच्या भागात बंद पडलेल्या मोटारसायकलीजवळ माणूस उगवायला पाऊस लागत नाही. एकजण उगवलाच. त्यानं मला बाजूला सारलं, टाकीचं झाकण उघडलं, गाडी डावी-उजवीकडं हलवली, आत डोळा लावला आणि जाहीर केलं, "पेट्रोल हाय की." मग झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू.

"कचरा आसंल," तो म्हणाला. "माझ्याकडं होती."

बसस्टँडजवळच्या गॅरेजातल्या उस्तादांकडं गाडी नेली. उस्तादांची ख्याती अशी की ते नुसता आवाज ऐकून गाडीचा रोग सांगतात, आणि औषध तीन दिवसांनी. त्यांनीही आधी झाकण उघडलं, गाडी हलवली, डोळा लावला. मग किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

"साब, ये तो चालू है."

"आता चालूच आहे. पण सास्तूरच्या रस्त्याला गेलं की बंद पडते."

"तो उधर मत जाव ना."

मी हट्ट धरला म्हणून त्यांनी कार्बोरेटर खोलला. त्यातून कचरा निघाला, तसा तो कुठल्याही कार्बोरेटरातून निघतो. तो त्यांनी बोटावर घेऊन, डॉक्टर मुतखडा दाखवतात तितक्या अभिमानानं मला दाखवला. मी घरी नेऊन बायकोला दाखवणार होतो, पण वारं आलं. संध्याकाळी गाडी त्याच बाभळीखाली बंद पडली.

पुढचा काळ मी उस्तादांच्या बाकड्यावर काढला. प्लग बदलला. सी.डी.आय. बदलला. रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या बदलल्या, कारण त्या मिटत नाहीत असा संशय होता. क्रँकचं सील बदललं; ते गळतं असा संशय नव्हता, पण इंजिन उघडलंच होतं. दरवेळी काम झालं की उस्ताद झाकण उघडून पेट्रोल बघत, किक मारत आणि गाडी मला वेडं ठरवून पहिल्या फटक्याला सुरू होई. गॅरेजात ती कधी, एकदासुद्धा, बंद पडली नाही. डॉक्टरांच्या दारात दुखणं थांबणाऱ्या माणसांची जात मला माहीत होती. गाडीतही असते हे नवं होतं.

एकदा उस्ताद इंजिन उघडून बघत बसले आणि संतापले. "किसने हात लगाया इसकू? ऐसा काम करते क्या?"

"तुम्हीच. गेल्या आठवड्यात."

उस्तादांनी पाना फडक्याला पुसला. "तब मैं जल्दी में था," ते म्हणाले.

मग ऑइलचं प्रकरण. टू-स्ट्रोकच्या इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळतं, आणि आर.एक्स.ला त्यासाठी वेगळी छोटी टाकी व पंप असतो. इंजिनाच्या वेगाप्रमाणं तो तेल सोडतो. माझ्या गाडीचा पंप आधीच्या कुणीतरी काढून टाकला होता, कारण "पंपाचा भरवसा नाही". आता माझा भरवसा. दर लिटरला किती तेल टाकायचं यावर बाकड्यावर दोन पक्ष होते, तीस मिलीचा आणि चाळीस मिलीचा. दोन्ही पक्षांकडं एकेक जळालेल्या इंजिनाचा दाखला होता. मी मापाला दुकानातलं कीटकनाशकाचं झाकण वापरायचो.

पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल मागितलं की तिथला पोरगा विचारायचा, "फवारणीचा पंप हाय का गवत कापायची मशीन?"

"मोटारसायकल."

तो गाडीकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा आणि बाटली हातात देताना हळूच म्हणायचा, "आमच्या आज्याकडं होती."

फवारणीचे पंप मीच विकतो, त्यामुळं तेलाची कमतरता नव्हती. गिऱ्हाइकांची मात्र करमणूक झाली. माझ्या मागून सायकलवर येणारा एक शेतकरी दुकानात येऊन म्हणाला, "मालक, औषध नगं. दोन फेऱ्या आमच्या तुरीतनं मारा. मावा बी जाईल, तुडतुडं बी जाईल."

तेवढ्यात सायलेन्सरवर संशय गेला. जळून उरलेलं तेल त्यातल्या जाळीवर बसतं, थरावर थर, आणि शेवटी धूर बाहेर पडायला जागा राहत नाही. उस्तादांनी शेपटाकडचा स्क्रू काढून जाळी ओढली. ती हाताला चिकटेल इतकी काळी आणि ओली होती, बोट लावलं तर डांबराचा पापुद्रा निघत होता. ती भाजून काढायची असते. म्हणून माझ्या दुकानाच्या मागं गोवऱ्या रचल्या, त्यावर सायलेन्सर आडवा ठेवला आणि पेटवलं. दहा मिनिटांत त्याच्या दोन्ही तोंडांतून पिवळसर धूर आणि मधूनमधून जाळ यायला लागला. गल्लीतली पोरं जमली आणि एकदिलानं तोंडावर हात मारून बोंब मारायला लागली. शेजारच्या आजी हातात नैवेद्याची वाटी घेऊन आल्या. "आवसेला कसली होळी म्हणायची?" त्यांनी विचारलं. मी काही बोललो नाही. त्यांनी जाळाला पाणी फिरवलं, पोळीचा तुकडा टाकला आणि माझ्या गाडीच्या सायलेन्सराला हात जोडून गेल्या. तो नैवेद्य त्या यंत्राला पोचला असावा. पुढचे दोन दिवस आवाज फार सुरेख येत होता. बंद ती बाभळीखालीच पडायची.

बाभळीसमोर वस्ती आहे. तिथली बाई मला दुरून बघताच लेकराला सांगायची, "पाण्याचा तांब्या घे, मोटारसायकलवाले आले."

बाकड्यावर आमचे दाजी रोज हजेरी लावायचे. त्यांना माझी काळजी नव्हती, ते सुझुकीवाले. 1984 ची इंड-सुझुकी, मग सामुराई, मग शोगन, अशी त्यांची वंशावळ. शोगन 14 घोड्यांची, हे ते सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सांगत. "यामाहा म्हणजे नुसता आवाज, पावणं," ते म्हणत. समोर येझदीवाले एक निवृत्त एसटी मेकॅनिक बसत. त्यांच्या मते म्हैसूरला येझदी बंद झाली त्या दिवशी मोटारसायकल हा विषयच संपला. जी गाडी एकाच दांड्यानं किकही मारते आणि तोच दांडा आडवा करून गिअरही टाकते, तिच्यापुढं बाकीच्या गाड्या त्यांना उधळेपणा वाटत. राजदूत 350 चा एकजण होता. दोन सिलिंडरची ती गाडी पेट्रोल इतकं प्यायची की तिनं माणसाला गरीब केलं पण अहंकार ठेवला. "धोनीकडं हाय," एवढंच तो बोलायचा आणि दोन दिवस पुरायचं. या सर्वांचं माझ्या गाडीच्या दुखण्यावर एकमत झालं, तो दिवस ऐतिहासिक होता. सगळे म्हणाले, पिस्टन.

पिस्टन बदलायचा तर सिलिंडरला बोअर मारावा लागतो. घासून वाढलेली भिंत लेथवर पुन्हा गोल करायची आणि वाढीव मापाचा पिस्टन बसवायचा. पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर असे त्याचे टप्पे, म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. त्यानंतर सिलिंडर बदला. माझा सिलिंडर लातूरच्या लेथवर गेला आणि निरोप आला, "हा आधीच शंभरवर आहे." मग सिलिंडरच नवा शोधा. लातूर झालं, सोलापूर झालं, पुण्यात नाना पेठेत मेहुण्याला धाडलं. दुकानदार विचारायचा, "ओरिजनल देऊ का कंपनीचा?" या दोहोंत काय फरक आहे हे मला आजही कळलेलं नाही. ओरिजनल महाग होता, म्हणून ओरिजनल घेतला.

नवा बोअर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. उस्तादांनी बजावलं, पहिले काही दिवस चाळीसच्या वर न्यायची नाही. मी नेली नाही. चाळीसच्या वेगानं, अत्यंत सभ्यपणे, गाडी बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी टाकी फुल केली होती, आणि ती नेहमीपेक्षा लवकर बंद पडली. पेट्रोल जास्त तर गाडी कमी पळते, हे कोड्यासारखं होतं. मी बाकड्यावर मांडलं. दाजी म्हणाले, "वजन झालं तिला."

दरम्यान कागदाचं दुखणं. आर.सी. बुकावर अजून पहिल्याच मालकाचं नाव होतं. 1992 नंतर गाडी किती हातांतून गेली देव जाणे, पण प्रत्येकानं 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतल्या, ते फॉर्म गादीखाली ठेवले आणि पुढच्याला गाडी विकली. पंधरा वर्षांची मुदत तर केव्हाच संपलेली, त्याचा फॉर्म 25 वेगळा. त्यात बुकावर जिल्हा उस्मानाबाद, माझ्या कागदावर धाराशिव. नवी सुरक्षित पाटी लावायची तारीख सरकार मला उसंत मिळावी म्हणून पुढं ढकलत होतं, असा मी समज करून घेतला होता. पण नावावर करायची तर पहिल्या मालकाची सही हवी.

पहिला मालक सास्तूरला निघाला. निवृत्त गुरुजी, प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. मी गाडी ढकलतच त्यांच्या दारात गेलो, कारण बाभूळ वाटेवरच आहे. पुनर्वसनातलं गाव, रस्ते सरळ आणि इतके रुंद, की ढकलणारा माणूस दोन्ही टोकांहून दिसतो. अर्धं गाव दारात उभं राहिलं.

गुरुजी ओट्यावर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, फॉर्मकडंही नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली. "टाकी माझी नाही," ते म्हणाले. "सायलेन्सर माझा नाही. लाइट कुणाचा आहे?" मग हँडलला हात लावला. "हे माझं."

"गुरुजी, इथं एक सही..."

"आधी राउंड."

काकू आतून ओरडल्या, "चावी देऊ नगा, भाऊ! गुडघ्याचं आपरेशन झालंय त्यांचं!"

उशीर झाला होता. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, न बघता हात खाली घालून पेट्रोलचा कॉक वळवला, झाकण उघडून आत डोकावून लावलं, आणि एका किकमध्ये सुरू करून ते रुंद रस्त्यानं निघून गेले. काकू माझ्याकडं बघत होत्या. मी चहाकडं बघत होतो. आवाज मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू आला, मग शाळेपर्यंत, मग आलाच नाही.

"गेली सही," मी मनात म्हणालो. काय करणार, माणसाला आधी स्वतःचं दिसतं.

बऱ्याच वेळानं गुरुजी गाडी ढकलत परत आले. धापा टाकत होते, पण चेहऱ्यावर वर्गात एखाद्या पोराची लबाडी पकडल्यावर येतं तसलं समाधान होतं. ओट्याजवळ गाडी लावली आणि हात पुढं केला. "पिन."

काकूंनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यांच्या हातावर ठेवली. काही विचारलं नाही. गुरुजींनी टाकीचं झाकण काढलं, उलटं केलं, पिनेचं टोक मधोमध घातलं आणि फिरवलं. वाळलेल्या मातीचा मसुराएवढा गोळा माझ्या फॉर्म 29 वर पडला.

"कुंभारमाशी," गुरुजी म्हणाले. "शेडमध्ये उभी होती ना गाडी? भोक दिसलं की ही बुजवणार." मग चष्मा वर करून त्यांनी मला विचारलं, "गोडेतेलाच्या डब्याला आपण किती भोकं पाडतो?"

मी उभा राहिलो. "दोन, गुरुजी."

"दुसरं कशाला?"

"हवेला."

"बसा. खालून पेट्रोल जातं तेवढी हवा वरून आत यायला पाहिजे. आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी फुल असेल तर आत हवा कमी, मग ते आणखी लवकर होतं. झाकण उघडलं की हवा शिरली, गाडी सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा तेच." त्यांनी झाकणातून फुंकर मारून बघितली. "आता काय काय बदललंत तुम्ही?"

मी यादी सांगायला लागलो. सी.डी.आय.पर्यंत आलो तेव्हा काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. सिलिंडर म्हणालो तेव्हा आत भांडं पडलं.

गुरुजींनी सही केली. बत्तीस-तेहतीस वर्षांत सहीचं वळण बदललं होतं, म्हणून त्यांनी बुकातली जुनी सही समोर ठेवून आधी पाठकोऱ्या कागदावर गिरवली आणि मग दोन्ही फॉर्मवर केली. पिन त्यांनी मला देऊ केली. काकूंनी ती परत घेतली. "दुसऱ्यांदा नेतायत," त्या म्हणाल्या. "पहिली यात्रेत घेतलेली होती, ती या गाडीतच गेली."

येताना मी बाभळीपाशी मुद्दाम वेग कमी केला. बाई तांब्या घेऊन उभीच होती. गाडी थांबली नाही. तिला वाईट वाटल्याचं मी आरशात बघितलं.

गॅरेजात जाऊन उस्तादांना सगळं सांगितलं. कुंभारमाशी, पोकळी, गोडेतेलाचा डबा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वोइच तो," ते म्हणाले. "मैं पहिले दिन से झाकन खोल रहा था ना."

हे अगदी खरं असल्यामुळं मी पैसे देऊन बाहेर पडलो.

गाडी आता चालते. बायको बसते मागं, पदर नाकाला लावून. मुलानं कॉलेजला एकदा नेली आणि "आवाज लय करते, पोरी हसतात" म्हणून परत आणली. चौकात मीसुद्धा आता मूठ पिळून सांगतो, "माझ्याकडं आहे." यावर लोकांचा चेहरा पडतो, वर्तमानकाळाला बहुतेक कुणी तयार नसतं. "माझी नव्वद मॉडेल होती," ते म्हणतात आणि विषय बदलतात.

अडचण वेगळीच झाली. गाडी बिघडत नाही म्हणून मी गॅरेजात जाईना, आणि मी जाईना म्हणून बाकडं ओस पडलं. दाजी घरी बसून बहिणीच्या स्वयंपाकात चुका काढायला लागले. येझदीवाल्यांनी ज्येष्ठ नागरिक संघात नाव घातलं. एका सकाळी उस्तादांचा फोन आला.

"साब, बहोत दिन हुवे. कुछ आवाज-बिवाज नहीं आ रा क्या गाडी से?"

"नाही हो. मस्त चाललीय."

पलीकडं गप्प. मग, "ध्यान से सुनो. आता होगा."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दुकान पोराच्या हवाली करून गाडी काढली आणि गॅरेजात नेऊन उभी केली. दाजी आधीच येऊन बसले होते, त्यांना कुणी कळवलं ते विचारू नका. येझदीवाले आले, धोनीवाला आला. गाडी सुरू ठेवून सगळे तिच्याभोवती वाकले. मलाही वाकावं लागलं.

"खालून येतोय," दाजी म्हणाले.

"खालून नाही, डाव्या अंगानं," येझदीवाले म्हणाले. "चेन आहे."

"चेन कशाची? क्लचप्लेट!"

उस्तादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, डोळे मिटले, कान इंजिनापासून वीतभर अंतरावर नेला. मी नीट ऐकत होतो. गाडी घड्याळाच्या ठोक्यानं चालत होती, कुठंही खोट नव्हती.

"आ रा," उस्ताद म्हणाले, आणि न बघताच हात मागं केला. "छोटे, चौदाचा पाना ला. और साब के वास्ते चाय बोल."